दुष्काळानं पोरकी केली, तिनंच हजारोंना घर दिलं : केडगावच्या पंडिता रमाबाईंची कहाणी

केडगाव (ता. दौंड) : पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी उरुळी, यवत, खुटबाव मागे टाकून पुढे आली की केडगाव स्टेशन लागतं. नगरजवळचं केडगाव वेगळं, हे दौंड तालुक्यातलं. आज या भागात ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत, पाटाचं पाणी आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच स्टेशनवर दुष्काळी मुलखातल्या मुली उतरत होत्या. अंगावर धड कपडा नाही, पोट पाठीला चिकटलेलं, डोक्यात उवा आणि घरी परत नेणारं कुणी नाही. त्या मुलींना आणणारी बाई स्वतःही अशाच एका दुष्काळातून वाचलेली होती. तिचं नाव पंडिता रमाबाई.

५ एप्रिल हा रमाबाईंचा स्मृतिदिन. केडगावचं मुक्ती मिशन आणि तिथलं मोठं चर्च सगळ्यांना माहीत आहे. पण ते उभं करणाऱ्या बाईनं आयुष्यात काय काय सोसलं, हे नव्या पिढीला फारसं ठाऊक नाही.

जंगलातलं घर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ नावाच्या रानात झाला. हा भाग आज कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे पंडित. बाईला संस्कृत शिकवायचं नाही, असा त्या काळचा दंडक होता. अनंतशास्त्रींनी तो मोडला. आपली बायको लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकवायला घेतलं. लोकांना ते रुचलं नाही. रोजची कटकट नको म्हणून शास्त्रीबुवांनी रानात जाऊन आश्रम बांधला आणि तिथंच शिष्यांना शिकवू लागले.

पण येणाऱ्या-जाणाऱ्याचं जेवण, पाहुणेरावळे यात होतं नव्हतं ते सगळं संपलं, कर्ज झालं. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंबानं घर सोडलं. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्या तान्ह्या पोरीला डोंगरातून खाली आणलं, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलंय. तिथून सुरू झाली ती तीर्थयात्रा. आज या देवळात, उद्या त्या घाटावर. शास्त्रीबुवा पुराण सांगायचे, लोक दक्षिणा द्यायचे, त्यावर घर चालायचं. शाळा नाही, पाटी नाही. आई पहाटे उठवून पाठ घ्यायची. अशा फिरतीतच रमेला भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ झाले.

दुष्काळाचा घाला

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कुणी येईना, मग दक्षिणा कुठली? मजुरी करायची सवय नाही, भीक मागायची लाज वाटते, अशा कात्रीत ते कुटुंब सापडलं. भांडी गेली, दागिने गेले. शेवटी रानातला पाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले. थोड्याच दिवसांत आई गेली. नंतर मोठी बहीण कृष्णाबाईही गेली.

आईच्या वेळचा प्रसंग वाचताना आजही अंगावर काटा येतो. प्रेताला खांदा द्यायला माणसं मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. भाऊ श्रीनिवास तिसरा आणि चौथी सोळा वर्षांची रमा. स्मशान काही मैल लांब. उंची कमी म्हणून खांदा पुरेना, तेव्हा तिनं तिरडीचं टोक डोक्यावर घेतलं.

पुढे भाऊ-बहीण हजारो मैल पायी हिंडले. कधी भिजवलेल्या चण्यावर दिवस काढला. थंडीत पांघरूण नाही म्हणून नदीकाठच्या वाळूत खड्डा करून अंगावर वाळू ओढून झोपले. व्रतं केली, नवस केले, उपास केले. देवाला हाक मारून मारून थकलेल्या त्या मुलीच्या मनात तेव्हापासूनच प्रश्न उभे राहिले.

कलकत्त्यात मान, घरात मात्र अंधार

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली. ती संस्कृतात बोलत होती, शास्त्रातले दाखले देत होती. पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. बाईला असा मान मिळणं ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट! गावोगावी तिची व्याख्यानं होऊ लागली. बायकांना शिकवा, लहान पोरींची लग्नं लावू नका, असं ती सांगायची.

१८८० मध्ये भाऊही गेला. आता ती साफ एकटी पडली. त्याच वर्षी तिनं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. नवरा ब्राह्मण नव्हता, त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांनी नाकं मुरडली. आसामातल्या सिलचरला त्यांचा संसार सुरू झाला. १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. पण लग्नाला दोन वर्षंही पुरी झाली नाहीत तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला. वय तेवीस, पदरात दहा महिन्यांची पोर.

पुणे, मग विलायत

विधवा बाईनं कोपऱ्यात बसायचं, असा तो काळ. रमाबाई बसल्या नाहीत. मुलीला घेऊन त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशा सुधारकांची त्यांना साथ मिळाली. त्यांनी आर्य महिला समाज काढला, बायकांसाठी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं. सरकारच्या शिक्षणाच्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. मुलींना शिकवायला बाई शिक्षक हव्यात, बायकांना तपासायला बाई डॉक्टर हव्यात, ही त्यांची मागणी होती. पुरुष डॉक्टरपुढे जायची लाज वाटते म्हणून बाया मरतात, हे त्यांनी सरकारच्या कानावर घातलं.

डॉक्टरकी शिकायला त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. प्रवासाचा खर्च पुस्तकाच्या पैशातून काढला. वाँटेज गावातल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांची सोय झाली. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होता आलं नाही. पण तिथं त्यांनी एक काम बघितलं. समाजानं वाईट ठरवलेल्या बायकांना त्या भगिनी जवळ घेत होत्या, माणसात आणत होत्या. त्याचा रमाबाईंच्या मनावर खोल ठसा उमटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि छोट्या मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला.

इकडे महाराष्ट्रात गदारोळ उठला. वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. काल ज्यांनी हार घातले त्यांनीच तोंड फिरवलं. महात्मा फुले यांनी मात्र 'सत्सार'मधून रमाबाईंची बाजू घेतली.

एक गोष्ट सांगायला हवी. रमाबाईंनी धर्म बदलला, पण मान तुकवली नाही. विलायतेतल्या धर्मगुरूंशी आणि भगिनींशी त्यांचे खटके उडत राहिले. सांगाल ते सगळं मुकाट्यानं मानणार नाही, स्वतः वाचून, समजून घेऊन मानेन, हा त्यांचा खाक्या होता. साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. आपल्या मुलीनं आपल्या देशाची भाषा विसरू नये यावर त्यांचा कटाक्ष असायचा.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो समारंभ बघायचं निमित्त होतं. पुढे जवळपास तीन वर्षं त्या तिथं गावोगाव बोलत फिरल्या. उच्चवर्णीय हिंदू बायकांच्या हालावर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते खूप खपलं. बोस्टन शहरात त्यांच्या कामासाठी मंडळ निघालं. विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसे पुरवायचं त्या मंडळानं ठरवलं.

शारदा सदन आणि वाद

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला शारदा सदन सुरू झालं. सुरुवातीच्या मुलींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशीच पुनर्विवाह केला. ज्या महर्षी कर्व्यांनी हिंगण्याचं काम उभं केलं, त्यांच्या घरातली बाई शारदा सदनात शिकलेली होती, हे अनेकांना माहीत नसतं.

१८९० मध्ये सदन पुण्याला हललं. तिथं ठिणगी पडली. सदनात कुठल्याही धर्माची सक्ती नसेल असं ठरलेलं होतं. पण रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या आणि काही मुली येऊन बसायच्या. हा उघड उघड धर्मांतराचा डाव आहे, अशी टीका 'केसरी'तून झाली. सक्ती मी करत नाही, पण येणाऱ्या मुलीला हाकलणारही नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर हे सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि वीसेक मुलींना पालकांनी घरी नेलं. ज्यांच्या भरवशावर त्या पुण्यात आल्या, ते आधार असे एकेक करून सुटले.

केडगावची जमीन

बोस्टनचे पैसे दहा वर्षांपुरतेच होते. पुढे काय? रमाबाईंनी डोकं शेतकऱ्यासारखं चालवलं. केडगाव स्टेशनजवळ त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली. माळ होता. विहिरी खोदायच्या, फळझाडं लावायची, बागेच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा बेत होता. दुसऱ्याच्या पैशावर कायम अवलंबून राहायचं नाही, हा त्यामागचा विचार.

बागेला फळ धरायच्या आधीच संकट आलं. १८९६ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. रस्त्याकडेला पडलेली हाडांची माणसं बघून त्यांना आपले आई-बाप आठवले असतील. दुष्काळात पोरक्या पोरींना फसवून विकणारे दलालही फिरत होते. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली गोळा केल्या आणि पुण्याकडे निघाल्या.

पण पुण्यात तेव्हा प्लेग होता. एवढ्या मुली शहरात ठेवायला सरकारनं मनाई केली. मग केडगावच्या माळावर झोपड्या आणि पडव्या उभ्या राहिल्या. शेतीसाठी घेतलेल्या जमिनीवर असं गाव वसलं. त्याचं नाव ठेवलं मुक्ती.

याच प्लेगच्या काळात सरकारी दवाखान्यात आणि छावणीत बायकांचे कसे हाल होतात, यावर रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. प्रकरण थेट विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या इंग्रज सरकारच्या मिंध्या झाल्या, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर होतं.

हाताला काम, डोक्याला शिक्षण

१९०० च्या दुष्काळात गुजरात आणि राजपुताना होरपळला. त्या वेळी आणखी शेकडो मुली केडगावला आल्या. मुक्तीतली माणसं दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींचं जेवण, धुणं, पाणी, औषध. आपल्याकडे लग्नाची एक पंगत उठवताना घाम फुटतो. इथं रोजच दोन हजारांची पंगत होती. तीही टंचाईच्या सालात, विहिरींच्या पाण्यावर.

रमाबाईंनी कुणाला बसून खाऊ दिलं नाही. सकाळी शाळा आणि मग काम. कुणी शेतात, कुणी गोठ्यात, कुणी हातमागावर, कुणी तेलघाण्यावर. शिवण, स्वयंपाक, कपडे धुणं, आजाऱ्यांची शुश्रूषा, छपाई, सगळं मुलीच करायच्या. आंधळ्या मुलींनाही बाजूला टाकलं नाही. मनोरमा परदेशातून ब्रेल लिपी शिकून आली होती. तिनं त्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. फसवल्या गेलेल्या, घरानं टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन काढलं. म्हाताऱ्यांची, लहान पोरांची वेगळी सोय केली.

इथं जात विचारली जात नव्हती. ब्राह्मणाची विधवा आणि अस्पृश्य मानलेल्या घरची पोर एकाच छताखाली राहू लागली. शारदा सदनाची सुरुवात उच्चवर्णीय विधवांसाठी झाली होती. दुष्काळानं ती चौकट मोडली.

चर्च, मेथॉडिस्ट बाई आणि चिली देश

एवढ्या लोकांना एकत्र बसायला जागा हवी म्हणून माळावर दगडी चर्च उभं राहिलं. पंथांच्या भांडणात रमाबाई पडल्या नाहीत. वाँटेजच्या भगिनी अँग्लिकन होत्या, मदतीला अनेक पंथांची माणसं आली, पण मुक्ती कुठल्याच एका पंथाच्या दावणीला बांधली गेली नाही.

मिनी अब्राम्स ही अमेरिकन बाई त्यातलीच एक. ती मेथॉडिस्ट मिशनची. मेथॉडिस्ट हा इंग्लंडात जॉन वेस्ली यांनी १८ व्या शतकात सुरू केलेला पंथ. साधी राहणी, छोट्या गटात प्रार्थना आणि गरिबांत काम, ही त्याची ओळख. मिनीबाई १८८७ मध्ये मुंबईला आल्या होत्या. १८९८ मध्ये केडगावला आल्या आणि रमाबाईंचा उजवा हात बनल्या.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत मोठं धार्मिक जागरण झालं. मुली तासन् तास प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, एकमेकींची माफी मागू लागल्या. हा गलका बघून काहींनी नावंही ठेवली. पण रमाबाईंनी मुलींना रोखलं नाही. आपल्या माणसांनी आपल्या पद्धतीनं देवाला हाक मारावी, परदेशी साच्यात त्यांना बसवू नये, असं त्यांना वाटत होतं. गाणीही त्यांनी देशी चालीवरची भजनंच ठेवली. मुलींचे गट आजूबाजूच्या गावांत जाऊन प्रचार करू लागले.

मिनीबाईंनी १९०६ मध्ये या घटनेवर छोटं पुस्तक लिहिलं. त्याची एक प्रत त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीकडे गेली. ती होती दक्षिण अमेरिकेत, चिली देशातल्या वालपरायसो शहरात. तिचा नवरा विलिस हूवर तिथल्या मेथॉडिस्ट चर्चचा पाळक होता. केडगावची हकिकत वाचून त्या चर्चमध्ये १९०९ मध्ये तसंच जागरण झालं. त्यावरून मेथॉडिस्ट वरिष्ठांशी वाद झाला आणि १९१० मध्ये वेगळं मेथॉडिस्ट पेंटेकोस्टल चर्च निघालं. आज ते चिलीतल्या मोठ्या चर्चपैकी एक आहे. दौंड तालुक्यातल्या माळावरची ठिणगी समुद्रापार कुठे जाऊन पडली बघा.

शेवटचं काम

शेवटची अनेक वर्षं रमाबाईंनी एकाच कामाला वाहिली. बायबलचं मराठी भाषांतर. आधीची भाषांतरं होती, पण त्यांची भाषा खेड्यातल्या बाईला जड जायची. गंमत म्हणजे ज्या बाईला संस्कृताची पदवी मिळाली होती, तिनंच संस्कृत शब्द टाळून साधी मराठी लिहायला घेतली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकल्या. मुक्तीतच छापखाना होता. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी हे सगळं मुली आणि बायका करायच्या. ज्या पोरी अंगठेबहाद्दर म्हणून आल्या होत्या, त्याच आता पुस्तक छापत होत्या.

१९१९ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिलं. ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. आपल्यामागे सगळं मनोरमा बघेल, हा भरवसा होता. मनोरमा पदवीधर झालेली, शाळा सांभाळणारी, गुलबर्ग्याला शांती सदन काढणारी कर्तबगार मुलगी. पण जुलै १९२१ मध्ये, अवघ्या चाळिसाव्या वर्षी ती आईच्या आधी गेली. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. रमाबाईंच्या रक्ताचं कुणीच उरलं नाही.

तरीही त्यांनी हातातलं काम टाकलं नाही. भाषांतर पुरं केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांचा शेवट झाला. वय ६३. त्यांचं पूर्ण बायबल छापून झालं ते त्या गेल्यावर.

१९८९ मध्ये भारत सरकारनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. रमाबाईंनी बदललेला धर्म पटो न पटो, तो ज्याचा त्याचा प्रश्न. त्यावरचा वाद शंभर वर्षांत मिटला नाही आणि बहुधा मिटणारही नाही. पण आईच्या तिरडीला चौथा माणूस मिळेना म्हणून जिनं ती डोक्यावर घेतली, त्या पोरीनं पुढे दोन हजार जणींचा भार उचलला, हे मात्र कुणी नाकारू शकत नाही.

मुक्तीचं काम केडगावात आजही चालू आहे. निराधार मुली आणि बायका आजही तिथं राहतात, शिकतात. स्टेशनवर उतरून थोडं चाललं की तो परिसर लागतो.